पाय टेकला की पोहे

आईशप्पथ, हे सगळं खरं आहे. म्हणजे पाऊण खरं. उरलेलं मी पाहिलं नाही, पण तसंच झालं असन याची मले खात्री आहे.

आमच्या सायकल ग्रुपमधे किलोमीटरपेक्षा किस्सेच जास्त जमा होते. तू नवीन आहे म्हणून सांगून राहिलो. नियम एकच: राइड सुरू झाली की पोह्याच्या ठेल्यावर पोहोचेपर्यंत ज्याचा पाय पहिले जमिनीले लागन, त्यानं सगळ्यायले तर्री-पोहे चारायचे. सिग्नल लागो, म्हैस आडवी येवो, खांब धरा, भिंत धरा, पण पाय नाही. तू धर तो खांब. आपला डॉक्टर मागं राहिला, तो येईपर्यंत ऐक.

*

आमचे प्रशांतभाऊ मनीषनगरले राहते, बँकेत आहे. त्यायनं कुठंतरी पाहिलं का बर्फाच्या देशातले लोक हिवाळाभर घरातच सायकल चालवते. झालं. दिवाळीले ट्रेनर घेतला. म्हणजे एक स्टँड. सायकलचं मागचं चाक काढून तिले त्यात कसायचं, टीव्हीवर डोंगर लावायचा आणि जागच्या जागी पेडल मारायचे.

नागपुरात बाहेर निंगायचे तेवढेच तं तीन महिने असते गा! ते तिन्ही भाऊनं हॉलमधे काढले. ऐन जानेवारीत हॉलमधे कूलर, आणि बाजूच्या खोलीत ज्योतीवहिनी गोधडी पांघरून.

होळी जळली. डांबर नरम व्हायले लागलं. भाऊ म्हणे, "चला, आता सीझन सुरू."

*

वहिनीचा शिवणक्लास आहे. हॉल गेला म्हणून क्लास बेडरूममधे, पलंग आणि कपाटाच्या मधात सहा बाया. एक दिवस भाऊ टीव्हीवर परदेशातला घाट चढून राहिले होते आणि त्यायच्या हँडलले हुक लावायचे अकरा ब्लाउज लटकून होते. भाऊ म्हणे, यानं स्पीड कमी होते.

वहिनीनं त्याच दिवशी अट घातली. "हुडकेश्वरले माह्या माहेरी जा. वाटेत पाय न टेकता. पोहोचले तं हॉल तुमचा. नाही तं ट्रेनर माळ्यावर, आणि हॉलमधे माह्या मशिनी."

*

पहिल्या दिवशी भाऊ लिफ्टमधून निंगाले. हेल्मेट, गॉगल, चकचकीत टाइट कपडे, खांद्यावर सायकल. आम्ही टाळ्या वाजवल्या. मंग डॉक्टरनं हळूच विचारलं का मागचं चाक कुठं आहे.

चार महिने लागलंच नव्हतं ना!

चाक गच्चीवर सापडलं. वहिनीनं त्यावर जुनं लुगडं ताणून कुरडया घातल्या होत्या. म्हणे, ओल्या आहेत, हात लावू नका. आमची राइड कुरडया वाळेपर्यंत दोन दिवस पुढं गेली.

*

तिसऱ्या दिवशी निंगालो. वहिनी स्कूटीवर मागं, अंपायर म्हणून.

आता ट्रेनरवर वळण नसते. रस्ता डावीकडं वळला, भाऊ सरळ गेले. सरळ एका लग्नाच्या लॉनचं गेट होतं, आत हळद चालू होती. पाय टेकवता येत नाही म्हणून भाऊनं मांडवाले दोन चकरा मारल्या. बाहेर आले तं गालाले हळद होती. कोणाची हळद, ते आतल्यायलेही माहीत नव्हतं.

*

आणि मंग हुडकेश्वर. सासऱ्याचं गेट दिसून राहिलं होतं, फार तं पन्नास पावलं. मधात एक गाय बसून.

भाऊचे बूट पेडलमधे खटकन फसणारे. थांबायच्या आधी ते सोडवा लागते. ट्रेनरवर सायकल पडतच नाही, तं भाऊ ते विसरून गेले होते. त्यायनं ब्रेक मारला. एक सेकंद एकदम सरळ उभे. मंग झाड पडते तसे, सावकाश, डाव्या अंगावर.

गाय उठून निंगून गेली.

भाऊ रस्त्यावर आडवे, दोन्ही बूट पेडलमधेच. पहिला शब्द काय बोलले? "पाय टेकला नाही."

डॉक्टरनं वाकून तपासलं. खांदा टेकला होता, कोपर टेकलं होतं. पाय खरंच नव्हता टेकला.

वहिनीनं शांतपणे स्कूटी स्टँडवर लावली. "मान्य. आता उठा."

भाऊ उठायले गेले. आणि थांबले.

तेवढ्यात सासूबाई गेटवर आल्या. "काहून वं, जावई असे काहून पडून आहेत?"

"विचार करून राहिले, आई."

सासूबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. भाऊनं तो बशीतून प्यायला, आडव्यानंच.

*

परवा त्यायच्या घरी गेलो होतो. हॉलमधे चार मशिनी चालू होत्या. मी विचारलं, ट्रेनर कुठं आहे? वहिनी म्हणे, "माळ्यावर." भाऊ कुठं आहेत? वहिनीनं मान वर न करता सुईत दोरा ओवला. वरून पेडलचा आवाज येऊन राहिला होता.

हसू नको गा. खांब कधीचा सुटला तुह्या हातचा. खाली पाह्य, तो पाय कोणाचा आहे?

चल, डॉक्टरही आला, ठेला समोरच आहे. माह्या प्लेटमधे तर्री जास्त सांगजो.