चिमूटभर सोडा

खिडकीतल्या ग्लासात पाणवनस्पतीची फांदी बुडवून माझी सून कधीची बघत होती. आज शाळेत ती पहिल्यांदाच विज्ञानाचा तास घेणार होती, आणि फांदीतून एकही बुडबुडा येईना.

"आई, खाण्याचा सोडा द्या."

"भजी तळायचीत का त्या फांदीची?" मी विचारलं.

तिने चिमूटभर टाकला. थोड्या वेळाने देठातून बुडबुडे वर चढू लागले. मग म्हणाली, "सोड्यातून पानाला कर्बवायू मिळतो. शिवाय पानात उजेडाचं काम या हातातून त्या हातात पुढे जातं. सोड्यातलाच एक अंश त्या हातांमध्ये बसलेला असतो. तो नसला की काम तुंबतं."

घरातही असं एखादं माणूस असतं. काही करताना दिसत नाही, पण गावाला गेलं की सगळं अडतं.

सकाळपासून उपाशी असलेली सून उभ्या उभ्या दोन पोळ्या खाऊन गेली. मग तिच्यासाठी थांबलेली मीही माझा चहा टाकला.