वाफ्याची चार दिवसांची रजा

वाफ्याला खोटं बोलता येत नसे. ज्याला येत नाही त्यानं त्या भानगडीत पडू नये, पण हे त्याला सांगणार कोण? हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत तो बॉयलर सांभाळायचा. अठ्ठावीस वर्षं वाफेत काढली म्हणून नावच पडलं वाफ्या. दिवसाकाठी हजारो लिटर पाणी तापवणारा हा माणूस घरी मात्र बादलीभर कोमट पाण्यात अंघोळ उरकायचा.

घरी फक्त ताई, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा वाफ्या सात वर्षांचा होता. तेव्हापासून शाळेचे गणवेश शिवून शिवून ताईनंच त्याला वाढवलं, आणि पायाचं मशीन चालवता चालवता तिचे गुडघे कामातून गेले. लग्नाचं दोघांचंही राहून गेलं, आणि पुढे त्याबद्दल बोलणंही राहून गेलं.

एका जुन्या मासिकात ताईनं डोंगरातल्या एका गावाबद्दल वाचलं आणि तिच्या डोक्यात भुंगा शिरला. तिथे म्हणे उघड्यावर गरम पाण्याचे झरे आहेत. गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसायचं आणि तोंडावर गार वारा घ्यायचा. नदीकाठी तंबू भाड्यानं मिळतात, आणि वरच्या झऱ्याला जायला तासाभराची पायवाट आहे. ताईनं त्यासाठी खास वही घातली. बस कुठे थांबते, तंबूत खाली काय अंथरायचं, पाऊस आला तर काय, सगळं त्यात. उरलेल्या गणवेशाच्या कापडातून तिनं पाण्यात उतरायचे कपडे शिवले, स्वतःला निळा झगा आणि त्याला निळी चड्डी. शाळेचा बिल्ला लावायचा तेवढा राहिला, असं म्हणून वाफ्या हसला. लावते की, ताई म्हणाली, हरवलास तर शाळेत आणून सोडतील.

अडचण एकच, रजा. हिवाळ्यात त्या गावाचा रस्ता बर्फानं बंद असे, आणि उन्हाळ्यात हॉटेलं भरलेली म्हणून लाँड्रीत रजेचं नाव काढायची सोय नव्हती. मधले तीन आठवडे काय ते खरे. दोन वर्षं त्यानं अर्ज केला आणि दोन्ही वर्षं मॅनेजरनं तो परत केला. बॉयलरच्या परवान्याची माणसं दोनच, एक गेला तर दुसऱ्यानं किती वेळ उभं राहायचं? तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी ताईला स्पष्ट सांगितलं की पुढच्या वर्षी डोंगर सोडाच, जिनाही चढवणार नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

मग घडीवालीनं त्याला कानमंत्र दिला. चादरींच्या घड्या घालणारी ही बाई बोलायला तिखट, पण मनानं चांगली. ती म्हणाली, भाऊ, सहलीला कोणी रजा देतं का? माणूस मारावा लागतो. तिनं अर्जात स्वतःची सासू दोनदा मारली होती आणि सासू घरी बसून तिच्या डोक्यावर मिरे वाटत होती. घरातलं कोणी गेलं की चार दिवस हक्काचे. कंपनी दुसऱ्या गावाहून बदली माणूस आणते.

वाफ्यानं आठवडाभर विचार केला. मारायलाही कोणी असावं लागतं. आईबाप कधीच गेलेले आणि कंपनीच्या फाइलीत तशी नोंद. मामा नाही, आत्या नाही. मग उरलं कोण?

मंगळवारी त्यानं ताईला रजा मिळाल्याचं सांगून टाकलं आणि बुधवारी सकाळी अर्ज भरला. नातं : बहीण. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं, आणि नेमकं तेच कामी आलं. मॅनेजर खुर्चीतून उठला, त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला की आईच्या जागी होती ना ती तुम्हाला. बाकीचेही काम थांबवून उभे राहिले. वाफ्याच्या डोळ्यांना धार लागली. ती लाजेची होती, पण ते कोणाला कळणार?

बस त्याच दुपारी तीनची. वाफ्या दीडला घरी पोचला तर जिन्यात माणसं जमलेली. भावाला उशीर झाला तर बस चुकेल म्हणून ताई तिसऱ्या मजल्यावरून बॅग स्वतःच उतरवायला निघाली होती. वळणावर गुडघ्यानं दगा दिला. खालच्या मजल्यावरच्या काकू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पायऱ्यांवर निळे कपडे पसरले होते.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. रजेचे चारही दिवस वाफ्या तिच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिला. ताई जरा शुद्धीवर आली की वही मागायची. पुढच्या वर्षी पायवाट नको, खालच्याच झऱ्यात बसू, म्हणायची. रविवारी ताप चढला, छाती भरली. डॉक्टर म्हणाले, आता काही सांगता येत नाही, जवळ राहा.

जवळ राहा म्हणे. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. रजा वाढवून मागायची तर कारण काय लिहायचं, मेलेली बहीण आजारी आहे? खरं सांगितलं तर नोकरी गेली. ताईजवळ मन मोकळं करावं असं चारदा ओठांवर आलं, पण तुला मारून रजा काढली हे कोणत्या तोंडानं सांगणार? उलट तीच म्हणाली, "जा तू कामावर. मॅनेजरनं एवढ्या चांगुलपणानं रजा दिली, त्याला अडचणीत आणू नकोस."

आणि तो गेला. घाबरट होता, दुसरं काय म्हणायचं? बॉयलरखोलीत मोबाईल नेऊ देत नसत, म्हणून ताईजवळ बसायला आलेल्या काकूंना ऑफिसचा नंबर दिला. नुसतं घरी बोलावलंय एवढंच सांगा, बाकी काही बोलू नका, असं तीनतीनदा बजावलं.

सोमवार निभावला. मंगळवारी संध्याकाळी पाळी संपताना मॅनेजर स्वतः खाली आला आणि त्यानं वाफ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्हाला सांगणार नव्हतो," तो म्हणाला, "पण कोणीतरी तुमच्या दुःखाची थट्टा करतंय, सावध असा. एका बाईचा फोन आला. म्हणते, त्यांची बहीण शेवटच्या घटका मोजतेय, सारखी भावाला हाका मारतेय, लगेच पाठवा. मी चांगलं झापलं. म्हटलं, बाई, तिला जाऊन आठवडा झाला, लाज नाही वाटत? नंतर दोनदा केला तिनं. मी उचललाच नाही."

"किती वाजता?" वाफ्यानं विचारलं.

"पहिला सकाळी दहाला."

वाफ्या पोचला तेव्हा खाटेवर नवी चादर घातलेली होती. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. "साडेतीनपर्यंत वाट बघितली रे तिनं," त्या म्हणाल्या. "आणि तुझा साहेब मला असं का बोलला? ती तर जिवंत होती."

सगळं त्याच संध्याकाळी उरकलं, आणि बुधवारी सकाळी सहाला तो बॉयलरवर उभा होता. रजा कशाची मागणार? सांत्वन आधीच झालं होतं. एकजण तर जाता जाता म्हणालाही, आठवडा झाला, आता सावर.

घडीवाली त्याच दिवशी आपल्या रजेवरून परतली होती. या वेळी तिनं चुलत सासरा संपवला होता. बॉयलरखोलीच्या दारात येऊन तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "काय भाऊ, कसं होतं पाणी? ताई खूश?"

वाफ्यानं दाबाच्या काट्यावरची नजर काढली नाही.

"गरम होतं," तो म्हणाला. "ताईचा पाय निघत नव्हता."