वहीचं पहिलं पान

मास्तरांनी आयुष्यात एक दिवसही शाळेत शिकवलं नव्हतं. ते प्रोग्रामर होते. पण कुणी साधा प्रश्न विचारला तरी हे उठून फळ्यापाशी जायचे, मार्करचं टोपण दातांत धरायचे आणि पार मुळापासून समजावत बसायचे, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव मास्तर पडलं. बायकोच्या कानावर ते गेलं, तेव्हापासून चिडली की तीही मास्तरच म्हणायची.

कंपनी तेवीस माणसांची. तिसरा मजला, खाली टायरचं दुकान, लिफ्ट तिच्या मर्जीने चालणारी. तरीही मोठमोठ्या कंपन्यांतली, फुकट जेवण आणि टेबल टेनिस सोडून आलेली माणसं इथे रमायची आणि हलायचं नाव घेत नसत. बाहेरच्यांना याचं नवल वाटायचं. मास्तरांना वाटत नसे. इथे दुपारपर्यंत मीटिंग नसे, कुणी कुणाला हाक मारत नसे. ज्याने काम करायचं तोच किती दिवस लागतील ते सांगे, आणि त्याचा आकडा वरून कुणी कापत नसे. खुर्च्या उत्तम होत्या, तिथे मालकाने हात आखडता घेतला नव्हता. पण माणसं टिकायची ती वहीमुळे.

वही खरोखरची, कागदाची, निळ्या पुठ्ठ्याची. दिवसभर कॉम्प्युटरला डोळे लावून बसणाऱ्यांची ही वही म्हणजे एक गंमतच होती. ज्याच्या हातून काही मोडलं त्याने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या अक्षरात लिहायचं: काय मोडलं, तेव्हा मला काय वाटलं होतं, कसं कळलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. खाली नाव. मग गोल टेबलाच्या खोलीत सगळ्यांसमोर ते वाचायचं. लोक हसायचे, खोदून खोदून विचारायचे, पण रागावायचं कुणी नाही. आणि वही त्या खोलीबाहेर न्यायची नाही.

धाकटी आली तेव्हा तिला हे खरंच वाटेना. ती सगळ्यांत लहान, आधीच्या कंपनीत पोळून आलेली. तिथे कुणाचं चुकलं की लाल अक्षरांत सगळ्या ऑफिसला ईमेल जायचा. इथे महिन्याभरातच तिच्या कोडमुळे एका दवाखान्याच्या पेशंटांना ‘दात तपासायला या’ हा मेसेज चाळीस-चाळीस वेळा गेला. ती स्क्रीनसमोरून उठायला तयार नव्हती.

“लिहून टाक,” मास्तर म्हणाले. “इथे कुणी खात नाही.”

“ही वही वर जाते का, मास्तर?”

“नाही जात. माझा शब्द.”

तिने लिहिलं. सगळ्यांसमोर वाचलं. चाळीस मेसेज आलेल्या आजोबांनी घाबरून खरोखर दवाखाना गाठला हे ऐकल्यावर टेबलाभोवती असा हशा उठला की तीही हसली. दीड वर्षात तिने नऊ पानं लिहिली, आकृत्या काढून. इतकी मन लावून कुणीच लिहीत नसे. तिची पानं वाचून बाकीचे त्याच खड्ड्यात पडायचे वाचले.

आता पहिल्या पानाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथेच अडलं.

कंपनीचा मालक म्हणजे मास्तरांचा कॉलेजातला दोस्त. उंचीमुळे लंबू. बाकीचे त्याला सर म्हणायचे, मास्तर आजही लंबूच म्हणायचे. अकरा वर्षांपूर्वी कंपनी म्हणजे हे दोघे आणि एक उसना प्रिंटर. पहिलं गिऱ्हाईक हाच दातांचा दवाखाना. एका दुपारी लंबूने, आपण टेस्टच्या मशीनवर आहोत अशा समजुतीत, दवाखान्याचा खरा डेटा पुसून टाकला. तीन महिन्यांच्या अपॉइंटमेंट्स गेल्या. बॅकअप अर्धाच निघाला. उरलेलं मास्तरांनी दवाखान्याच्या बाकावर बसून, डायऱ्या बघून, एकेक करून भरलं. मग डॉक्टरांनी विचारलं, हे कुणी केलं ते लेखी द्या.

लंबू रडकुंडीला आला होता. “मालकानेच केलं म्हटल्यावर ते आपल्याला उभं करतील का रे?”

“माझं नाव लिहू,” मास्तर म्हणाले. “तू माझ्यावर ओरडलास असं सांग. काम राहील.”

काम राहिलं. लंबू गळ्यात पडला आणि म्हणाला, आपल्या कंपनीत चूक झाली म्हणून कुणाच्या पोटात गोळा येता कामा नये. त्यातून वही आली. पहिल्या पानावर खरं लिहायला लंबूने पेन उघडलंही होतं. मास्तरांनीच ते काढून घेतलं. नवी माणसं येणार, त्यांच्यासमोर मालकाची शोभा कशाला, असं म्हणून त्यांनी दवाखान्याला दिलेलंच पुन्हा लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. खरं लिहायच्या वहीची सुरुवात अशी झाली. मास्तरांना तेव्हा त्यात फक्त दोस्ती दिसली.

यंदा लंबूने कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. चहा पिता पिता त्याने सांगितलं, काही बदलणार नाही. चारच दिवसांत वही फळीवरून गायब झाली. “बाइंडिंगला दिलीय, पानं सुटत होती,” लंबू म्हणाला. धाकटीने विचारलं तेव्हा मास्तरांनीही खरं समजून तेच सांगितलं.

सोमवारी गोल टेबलाच्या खोलीत तिघंच होते: मास्तर, लंबू आणि मोठ्या कंपनीकडून आलेली एक बाई. बाई बोलायला अगदी मृदू. तिच्यासमोर वहीची झेरॉक्स प्रत होती आणि एक तक्ता. नावं आणि प्रत्येकासमोर आकडा. तेविसातून पंधराच ठेवायचे होते. सर्वांत वर धाकटी, नऊ चुका. सर्वांत खाली एक गृहस्थ, ज्याने सहा वर्षांत एक पान लिहिलं नव्हतं. त्याची जागा पक्की.

मास्तरांच्या कानांतून वाफा निघाल्या. “म्हणजे हा सहा वर्षांत चुकलाच नाही?”

“नोंदींत तरी दिसत नाही,” बाई म्हणाली.

“ही वही मोजायला नाहीये. मी लोकांना शब्द दिलाय.”

“पण नोंदी खऱ्याच आहेत ना? प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिल्यात.”

मास्तरांना एकदम वाट दिसली. यातलं एक पान जरी खोटं ठरलं तरी हा तक्ता टिकणार नव्हता. धाकटी वाचेल, बाकीचे वाचतील. त्यासाठी लंबूने फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

“लंबू, यांना सांग. पहिलं पान कुणाचं आहे?”

लंबूने प्रत पुढे ओढली, चष्मा वर सारला आणि ते पान नीट वाचलं. जणू पहिल्यांदाच बघत होता.

“तुझंच अक्षर आहे की रे,” तो म्हणाला. मग बाईकडे वळून हसला. “फार जुनी गोष्ट आहे. याने सगळा डेटा उडवला होता. मी तेव्हाच माफ केलं त्याला.”

मास्तर आता बोलून तरी काय दाखवणार? वहीत त्यांचं अक्षर, दवाखान्याला दिलेल्या पत्रावर त्यांची सही. लंबू नजरेला नजर देऊन बसला होता. अकरा वर्षं ज्याच्या बरोबरीने काढली तो माणूस आपण ओळखतच नव्हतो, असं त्यांना वाटलं आणि ते खुर्ची मागे सारून उठले.

लंबूने जिन्यात गाठलं. “तुझं नाव ठेवलंय यादीत. भांडलोय मी त्यासाठी.” मास्तर न थांबता खाली उतरले.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती लसूण सोलत होती. तिचे हात थांबले.

“म्हणजे ते तू केलं नव्हतंस? मलाही तेच सांगितलंस ना तेव्हा? तू खचून जाशील म्हणून मी आठवडाभर तुझ्या मागेमागे फिरत होते.”

“कंपनीसाठी…”

“कंपनीसाठी मला खोटं?” एवढं बोलून ती पुन्हा सोलायला लागली. तिलाही तेच सांगितल्याचं मास्तर विसरूनच गेले होते; वाटत होतं, निदान ती तरी साक्षीदार असेल. तीही वाट त्यांनीच बंद करून ठेवली होती.

शुक्रवारी धाकटी आपला कीबोर्ड आणि चहाचा मग खोक्यात भरत होती. मास्तरांनी दोन ओळींचा राजीनामा लंबूच्या टेबलावर ठेवला होता, पण तेवढ्याने तिची खुर्ची परत येणार नव्हती. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही.

“मी तुला शब्द दिला होता,” ते म्हणाले.

“हो.” तिने वायर गुंडाळली. “एक विचारू, मास्तर? पुढच्या ठिकाणी माझ्या हातून काही मोडलं तर सांगू का?”

फळा मागेच होता, मार्करही होता. मास्तर तिकडे वळले नाहीत.

“आधी बघ,” ते म्हणाले, “तिथल्या मालकाने स्वतःची चूक कधी सांगितलीय का.”

“आपल्या सरांनी सांगितली होती?”

“नाही,” मास्तर म्हणाले. “त्याची मी सांगितली. माझी म्हणून.”

धाकटीने खोकं उचललं आणि त्यांनी दार उघडून धरलं.