दिनकरभाऊंच्या हातचं मीठ

एचआयव्हीच्या सेंटरवर हसण्यासारखं काय असणार, असं लोकांना वाटतं. आम्ही समुपदेशक चहाला जमलो की मात्र किस्से संपत नाहीत, चहा गार होतो!

दिनकरभाऊ जानेफळचे आचारी. मोठमोठ्या पंगती सहज उठवणारा माणूस. पहिल्यांदा आले तेव्हा बायकोच बोलली, "वरणात तीनदा मीठ टाकलं यायनं! लोकं म्हणतेत, पिऊन येतेत. हे तं थेंबाले शिवत नाहीत!"

डॉक्टरांनी समजावलं, "हा विषाणू मेंदूतही शिरतो. माणूस विसरतो, हात मंदावतात. गोळ्या नियमित घेतल्या तर बरंच परत येतं."

दिनकरभाऊंनी सावकाश विचारलं, "सैपाक येईन परत?"

'बरंच' म्हणजे किती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

*

स्मरणशक्ती तपासायची आमची टेस्ट सोपी. डॉक्टर चार शब्द सांगणार: कुत्रा, टोपी, मूग, लाल. थोड्या वेळानं पेशंटनं ते परत सांगायचे.

एका महिन्यात सगळ्यांची स्मरणशक्ती एकदम फर्स्ट क्लास! डॉक्टर खूश. मग लोणारच्या एक आजी आल्या आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, "कुत्रा, टोपी, मूग, लाल. जाऊ का आता?"

बाहेर बाकावर सगळे एकमेकांचं पाठांतर घेत होते! शब्द बदलावे लागले.

*

दुसरी टेस्ट अंगठा आणि पहिलं बोट झटपट जुळवण्याची. सुरुवातीला दिनकरभाऊंची बोटं भलतीकडेच जायची. काही महिन्यांनी अशी चालली की डॉक्टर म्हणाले, "बास, बास!"

"थांबा ना साहेब! मीठ टाकाची चिमटी हेच व्हय. घरी बी प्रॅक्टिस करून राह्यलो!"

*

तरी ऑर्डर कोणी देईना. शेवटी आमच्या सिस्टरनी मुलीच्या लग्नाचा स्वयंपाक त्यांच्यावर सोपवला. नवरदेवाकडची मंडळी जळगाव जामोदची, भारी फटकळ. मीठ चुकलं असतं तर दिनकरभाऊंना पुन्हा कुणी चुलीजवळ उभं केलं नसतं!

आम्ही पंगतीत जीव मुठीत धरून बसलो. पाहुणे वरण ओरपत होते, परत मागत होते. माझा जीव भांड्यात पडला. इतक्यात डॉक्टरांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"दिनकरभाऊ, मीठ विसरलात!"

दिनकरभाऊ वाकून हळूच म्हणाले, "इसरलो नाही साहेब. तुमचं वरण अलग काढलं. बीपीची गोळी सुरू झाली म्हणून मागच्या खेपेले तुम्हीच सिस्टरले सांगून राह्यले होते!"