पोरांच्या उड्यांची बाज

माझे सासरे चांगले जिवंत असताना मी ते वारल्याची बातमी गावभर केली. तोंडातून एक शब्दही न काढता केली. तेव्हा मी पंचविशीच्या आतबाहेर होते, दोन लेकरांची आई होते, आणि वाशीच्या बाजारगावापासून कोसभर लांबच्या त्या गावात आपल्याइतकं डोकं कुणालाच नाही अशी माझी पक्की समजूत होती.

सगळं सुरू झालं ते सासऱ्यांच्या बाजेवरून. त्यांना मी मामा म्हणायची आणि सासूला आत्याबाई. ओसरीतल्या मामांच्या बाजेवर माझी पोरगी आणि पोरगा दुपारभर उड्या मारायचे. अंबाडीच्या दोरीनं विणलेली बाज ती, पार झोळी झाली. एका संध्याकाळी मामा शेतातून येऊन टेकले ते थेट जमिनीलाच. उठले आणि खांबाला टेकून बसले. आत्याबाईंनी मात्र पोरांना असा दम भरला की दोघं आठ दिवस ओसरीकडे फिरकली नाहीत. घर कसं गप्प झालं. मला ते बघवेना.

मग मी डोकं चालवलं. पोरांना उड्या मारायला वेगळी बाज! वाशीच्या बाजारातून एक जुनी चौकट आणि दोरीची चार भेंडोळी आणवली. अंगणातल्या लिंबाखाली बाजेचे पाय वीतभर खड्ड्यात रोवले, म्हणजे कलंडायला नको. लाकडावर गुडघे आपटू नयेत म्हणून कडेनं गोधडीच्या चिंध्या गुंडाळल्या. आता नातवाच्या दारात पोरांसाठी ट्रॅम्पोलिन आहे, त्यालाही कडेनं तशीच मऊ गादी लावलीय. ती बघितली की मी मनातल्या मनात म्हणते, ही अक्कल तुमच्या आधी आमची.

पण अक्कल तिथंच संपली. बाजेची दोरी आठ-पंधरा दिवसांनी पायथ्याकडून ओढून घ्यावी लागते, हे काम घरातल्या कुठल्याही गड्यानं करून दिलं असतं. मला मात्र माझा स्वतःचा शोध लागला होता. अंबाडी भिजली की आवळते. म्हणून मी बाजेवर घागरभर पाणी ओतायची. तासभर बाज ढोलासारखी वाजायची, पोरं लिंबाच्या फांदीला हात लावायची. वाळली की पहिल्यापेक्षा सैल. मी पुन्हा घागर ओतायची. एका दुपारी कुणी नाही बघून मी स्वतःसुद्धा तिच्यावर तीन उड्या मारल्या, लुगड्याचा काष्टा आवळून. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मामांना ही बाज पहिल्यापासून खटकत होती. लग्नाला सात वर्षं झाली तरी ते माझ्याशी थेट बोलत नसत. मी दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी, आणि ते आत्याबाईंना म्हणायचे, "तिला सांग." तसंच ते दम्याच्या औषधासाठी नळदुर्गला थोरल्या लेकीकडं जाताना म्हणाले, "तिला सांग, बाज टेकायला असती, नाचायला न्हाय. म्या यायच्या आत ती चुलीत गेली पायजे."

पोरगा बाजेला मिठी मारून बसला. मी ठरवलं, बाज अशी ठणठणीत करून ठेवायची की मामांना मोडवणारच नाही. सकाळीच पाय उपटले, दोरी भिजवली, ओढली, गाठी मारल्या. ओल्या दोरीवर पोरांनी चढू नये आणि खालून ऊन लागावं म्हणून बाज उलटी टाकली. चारी पाय आभाळाकडे. अगदी दारासमोर. आणि घागर घेऊन विहिरीवर गेले.

दारात उलटी बाज कधी पडते, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. घरातलं माणूस गेलं की त्याची बाज दारात उलटी टाकतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण माझा विचार असा, की ते झोपायच्या बाजेचं. ही तर उड्यांची.

विहिरीवरून आले तर अंगणात ही गर्दी. शेजारची खाला छाती पिटत होती, "क्या सोन्यासारखा आदमी होता गे!" बाया एकमेकींच्या गळ्यात. मी बघितलं, मधोमध उलटी बाज. मला वाटलं, नळदुर्गहून सांगावा आला! मी घागर टाकली आणि सगळ्यांच्या वरताण गळा काढला, "मामा ओ, आमाला सोडून कसं गेलासा!" माझ्या हातानं टाकलेली बाज बघून मीच रडले. असला मूर्खपणा करायलाही अंगात काहीतरी लागतं.

आत्याबाई तुरी पाखडत होत्या, त्या परसातून दारापर्यंत आल्या. कुणाला काही विचारलं नाही. बाजेकडे बघितलं, खाली बसल्या आणि डावा हात उंबऱ्यावर आपटला. हिरव्या काचा उडाल्या. उजवा हात उचलला तेवढ्यात माझी पोरगी पुढं आली.

"आज्जी, खाला आमच्या बाजेला का रडतीया? आईनं वाळाया टाकलीया ती."

मग जे हसू फुटलं, ते मी जन्मभर ऐकते आहे. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी काचा वेचल्या आणि आत गेल्या. चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, डाव्या हातात नव्या बांगड्याही भरल्या नाहीत. बाज मी गुपचूप सुलटी करून पुन्हा लिंबाखाली नेली. आता ती चुलीत जाणार, हे पोरांनाही कळलं होतं. दोघं तिच्या कडेला नुसती बसून राहायची.

मामा आले. एस्टीतून उतरल्या उतरल्या चारचौघांनी त्यांना हात लावून बघितलं होतं, म्हणजे सगळं कळलंच होतं. ओसरीत बसले. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मामा तांब्याकडे नाही, त्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिले. आत्याबाई आत वळल्या, तसे ते दाराच्या दिशेनं म्हणाले,

"सूनबाई, कोन कोन आलं व्हतं गं?"

मध्ये "तिला सांग" नव्हतं. मी दाराआड पदर पुढं ओढला.

"समदी आळी, मामा."

"रडलं कोन?"

"खाला लई रडल्या. आन... म्या बी."

"तू बी? टाकली तूच न्हवं?"

"व्हय मामा."

त्यांना ठसका लागला. दम्याचा की हसण्याचा, मला कळलं नाही. मग हळू आवाजात, "आन ही?"

"त्या रडल्या न्हाईत," मी म्हणाले. "त्यांनी हात उंबऱ्यावर आपटला."

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला. मामा लिंबाखालच्या बाजेकडे आणि तिच्या कडेला बसलेल्या पोरांकडे बघत बसले. मग म्हणाले,

"बाज ऱ्हाऊ दे पोरांस्नी. पन फिरून उलटी टाकायची झाली, तर म्या घरी असताना टाक. मला बी बघू दे, कोन कोन येतंय ते."