मोरीवरचा शेंदूर

लिहायला बसण्याइतका मी मोठा नाही, हे मला ठाऊक आहे. आधी त्याबद्दल क्षमा असावी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी हातात लेखणी धरली नव्हती. मी महाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे, निबंधाला बरे गुण पडतात, पण निबंध वेगळा आणि हे वेगळं. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीत बरोबर राहणाऱ्या मित्रालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगता येईल. कदाचित तेही जमणार नाही — बघू.

सायकलपासून सुरुवात करतो. ते त्यातल्या त्यात सोपं आहे.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी. पोलादपुरात तेव्हा एक व्यायामशाळा होती. ती चालवणाऱ्या गृहस्थांना सगळे तात्या म्हणत. भातं झोडून झाली, थंडी पडली की तात्या दरवर्षी सायकलची शर्यत ठेवायचे. सगळे मिळून सुटायची नव्हे, एकट्याची. खुर्चीवर गजराचं घड्याळ ठेवलेलं असे. मोठा काटा अर्धा फेरा फिरला की एकाला सोडायचं. रस्त्यात कोणाशी बोलायचं नाही, मदत घ्यायची नाही, द्यायची नाही. घाटातल्या वाघजाईच्या वळणापर्यंत चढायचं आणि परत यायचं. वर जाऊन आल्याची खूण म्हणजे कपाळावर देवीचा शेंदूर. वर पंच म्हणून कोणी उभा नसे. देवीचा शेंदूर लावून खोटं बोलेल असा माणूस आमच्याकडे असू शकतो, हे कोणाच्या मनातच आलं नसावं.

पहिल्या वर्षी माझं चाक पंक्चर झालं. बाभळीचा काटा, तोही चढ सुरू होताना. दुसऱ्या वर्षी पायात गोळे आले आणि मी रस्त्याच्या कडेला पोटरी धरून बसलो. माझ्यामागून सुटलेली पोरं एकेक करून पुढे गेली. एकट्याच्या शर्यतीत हरणं फार वाईट. समोर कोणी नसतं, ज्याच्यावर राग काढावा असंही कोणी नसतं. भाड्याची सायकल, आपले पाय आणि तो चढ. तुम्ही कधी असे एकटे हरला आहात का?

तिसऱ्या वर्षी बक्षीस मोठं होतं. व्यायामशाळेची नवी सायकल, वर्षभर वापरायला. मी सातवी पास होऊन दोन वर्षं घरी गुरं राखत होतो. पुढची शाळा महाडला. पायी जाऊन-येऊन होणारी नाही आणि तिथे राहायला आमचं कोणी नाही. सायकल मिळाली तर शाळा, नाही तर गुरं. माझ्यापुढे एवढंच होतं.

बबनलाही तीच सायकल हवी होती. बबन आमच्याच वाडीतला, माझ्या वयाचा. वडील नव्हते. आई — पार्वतीकाकी — आणि तो, दोघंच. त्याला महाडच्या हॉटेलांत दूध घालायचं होतं. सायकल नाही मिळाली तर मामाकडे मुंबईला, गिरणीत. तो हे हसत सांगायचा. "माझी म्हस शाळेत जाणार नाय, पण दूध तरी जाऊ दे महाडला," म्हणायचा.

मी आधी सुटलो, माझ्यामागून बबन. चढ लागला आणि साखळी उतरली. चढवली, पुन्हा उतरली. तिसऱ्यांदा उतरली ती मोरीवर. मोरी म्हणजे ओढ्यावरचा लहानसा पूल, वाघजाई तिथून बरीच वर. हात काळे झाले होते म्हणून धुवायला मी सायकल घेऊन खाली ओढ्यात उतरलो. तिथे कडेला वेताळाचा दगड आहे. त्यावर शेंदूर होता, ताजा, तेलाने चमकणारा.

शेंदूर सगळ्या देवांचा सारखाच दिसतो.

मी अंगठा लावला. कपाळावर ओढला. इथपर्यंत घाईत झालं, असं म्हणता आलं असतं. पण नंतर मी साखळी नीट बसवली आणि मोरीखाली बसून राहिलो. वर जाऊन यायला जेवढा वेळ लागेल त्याहून थोडा कमी. ते बसणं घाईत झालेलं नव्हतं. बबन मोरीवरून घाटात चढून जाईल, मग आपण निघू, असं ठरवून मी बसलो होतो. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. तो गेला असेल असं समजून सायकल वर काढली, तर बबन खालच्या वळणावरून चढत येत होता.

त्याने मला ओढ्यातून वर येताना पाहिलं. तो थांबला नाही. पण बोलायचं नाही हा नियम मोडून त्याने विचारलं, "काय रे नाम्या, पडलास काय? लागला काय?"

मी सायकलवर टांग टाकली आणि उतार धरला.

तात्यांच्या घड्याळाप्रमाणे माझा वेळ सगळ्यांत कमी होता. बबन आला तेव्हा धापा टाकत होता. माझं कपाळ बघून आधी हसला. "मोरीखाली देवी कधी आली रे?" म्हणाला. पोरं हसली. तोवर त्यालाही ती थट्टाच वाटत असावी. तेव्हा मीही हसलो असतो तर? सगळं तिथेच मिटलं असतं. पण तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, "मोरीवर नाही, आम्ही देवीच्या वळणाखाली भेटलो. याला सायकल पाहिजे म्हणून हा माझ्यावर आळ घेतोय."

बबनचं हसू गेलं. "हा वर गेलाच नाय, तात्या," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

तात्या पेचात पडले. दोघांच्या कपाळावर शेंदूर, दोघं एका वाडीतले. "देवीचं नाव मधे आलंय, तुमच्या गावकीने बघावं," म्हणाले. गावकीने त्याच संध्याकाळी कौल लावला. तुमच्याकडे कौल लावत नसतील तर सांगतो — गुरव देवीच्या दगडाला दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नामा खरा असेल तर उजवी दे, असं गाऱ्हाणं घातलं.

उजवी पडली.

वारा होता, पाकळीला पाणी कमी लागलं होतं — कॉलेजात आल्यावर मी अशी कारणं पुष्कळ शोधली. त्या वेळी मात्र, हे लिहायलाही लाज वाटते, क्षणभर मला खरंच वाटलं की मी वर गेलो होतो.

सायकल माझ्याकडे आली. बबन मुंबईला गेला. आणि त्या वर्षीच्या शिमग्यात देवीची पालखी पार्वतीकाकींच्या दारात थांबली नाही. देवीवर खोटं बोललेल्याचं घर, म्हणून. चूक कबूल करून गावकीपुढे नारळ ठेवीपर्यंत असंच चालायचं होतं. बबनने तो ठेवला नाही. "मी खोटं बोललो नाय," हे एकच त्याचं उत्तर. पालखी आमच्या अंगणात नाचली, आईने ओटी भरली, बाबांनी खांद्यावर घेतली. काकी त्यांच्या ओट्यावर ताट घेऊन उभ्या होत्या. ढोल पुढे गेला तरी त्या उभ्याच होत्या.

मी तेव्हाच का बोललो नाही? बोललो तर देवीचा कौल खोटा ठरतो, आणि त्या कौलावर आमची वाडी पेरणी करते, लग्नं ठरवते. बोललो तर बाबांना वाडीत मान वर करता येणार नाही. बोललो तर शाळा जाते. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की ती पाठ झाली आहेत. खरं कारण यातलं नव्हतं. सायकल छान होती. पहाटे उतारावर ती सोडून दिली की मला बरं वाटायचं.

त्याच वाटेवर काकींचं घर. एका पहाटे त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, आता विचारणार. त्या म्हणाल्या, "माझ्या पोरानं तुझ्यावर आळ घेतलान, बाबा. मनात ठेवू नको. शिक तू." आणि हातावर गुळाचा खडा ठेवला. मी तो खाल्ला. शाळेला उशीर होत होता.

वर्षभरात शिक्षकांची नजर माझ्यावर पडली, वसतिगृह मिळालं, मॅट्रिक झालो, कॉलेजात आलो. प्रत्येक पायरी त्या मोरीवर उभी आहे. त्यातली कोणती काढू म्हणजे बाकीच्या राहतील? आता मी चवदार तळ्याजवळ खोली घेऊन राहतो. मार्चात तिथे लांबून माणसं येतात, आपल्यावरचा अन्याय मोठ्याने सांगतात, आणि मी खिडकीत उभा राहून ऐकतो. शिमगाही त्याच सुमारास. परीक्षेचं निमित्त सांगून मी घरी जात नाही. परीक्षा अजून लांब असते.

यंदाही गेलो नाही. शिमगा झाल्यावर वाडीतला माझा चुलतभाऊ राघू बाजाराला आला आणि खोलीवर डोकावला. "तुला बरी खबर आणलीय," म्हणाला. पार्वतीकाकींना हल्ली डोळ्यांनी दिसत नाही, त्या अंथरुणाला खिळल्या आहेत, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांचं एकच म्हणणं होतं — मरायच्या आधी एकदा पालखी दारात नाचू दे.

बबन मुंबईहून आला. गावकीपुढे नारळ ठेवला. "मी खोटं बोललो होतो, नामा वर गेला होता," असं त्याने सगळ्यांसमोर कबूल केलं. पालखी काकींच्या अंगणात नाचली. काकींना उचलून ओट्यावर आणलं होतं. त्यांनी हाताने चाचपून ओटी भरली.

"आणि तुझी पण माफी मागितलान," राघू म्हणाला. "चारचौघांत. नाम्याला निरोप सांग म्हणाला."