एकट्या वावरातली ज्वारी

मोर्शीकडं माझ्या वावराला लागून काकूंचं वावर. कपाशी बुडाली तरी घरात भाकर असावी, म्हणून त्या दरसाल थोडी ज्वारी पेरायच्या. आम्ही बाकी सगळे सोयाबीनवाले, त्यामुळे गावभरची पाखरं त्यांच्याच कणसांवर. गोफण पाखरांवर फिरायची, शिव्या आम्हाला.

"सोयाबीनच्या भाकरी थापता काय रे?"

शहरातल्या राजापेठेतून ज्वारीचं पीठ विकत आणणारा मी शहाणा दात काढायचो.

यंदा बांधावरून विचारलं, "काकू, हुरड्याले कधी येऊ?"

काकू उभी ज्वारी बैलांसाठी कापत होत्या. एक कणीस त्यांनी माझ्या अंगावर भिरकावलं. पाखरांनी त्यात दाणाच ठेवला नव्हता.

"खाय! पुढच्या साली मीबी सोयाबीनच पेरीन. मंग पाय, तुह्या गावाले भाकर कोन देते ते."